ओढा रान खातोय? आधी तळ धरा, मग काठ

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळा भागात पिकांबरोबर मातीही गेली. मोठ्या नदीचं नुकसान सगळ्यांना दिसतं. तिला मिळणारे ओढे-नाले मात्र दरवर्षी गुपचूप हात-दोन हात रान कापत असतात. बांध जातो, बांधावरचं लिंब जातं, मग एखाद्या वर्षी विहीर ओढ्यात येते. तोवर शेतकरी पुढच्या उन्हाळ्यात दगडी भिंत बांधू म्हणत असतो. ती भिंत बांधली तरी बऱ्याचदा दोन-तीन पावसाळ्यांत पुढे झुकते आणि आडवी होते, कारण तिच्या खालचा तळच निघून गेलेला असतो.

हा लेख १५-२० मीटर रुंदीपर्यंतच्या ओढ्या-नाल्यांसाठी आहे. भीमा, सीना, माण, भोगावती यांच्या मुख्य पात्रात गावपातळीवर हात घालू नये. ते काम जलसंपदा विभागाचं आहे आणि तिथली गणितं वेगळी आहेत.

आपल्याकडचा ओढा असा का वागतो

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो वाटून पडत नाही. परतीच्या पावसाचे दोन-चार तडाखेच वर्षाचा मोठा हिस्सा उरकतात. आठ महिने कोरडा पडलेला ओढा दोन तासांत काठोकाठ भरतो आणि तितक्याच वेगाने उतरतो.

हे उतरणंच काळ्या रानाला फार बाधतं. उन्हाळ्यात काळी माती हातभर भेगाळते. पहिल्या जोरदार पावसाचं पाणी त्या भेगांतून आत जातं आणि काठ भिजून जड होतो. पूर असेपर्यंत ओढ्यातलं पाणी काठाला टेकू देतं. पूर झटकन ओसरला की टेकू जातो आणि आतलं पाणी काठाला बाहेर ढकलतं. म्हणून काठ पुरात कमी आणि पूर ओसरल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, जास्त ढासळतात. सिमेंटची अखंड भिंत घातली की या आतल्या पाण्याला वाटच उरत नाही. जाळीत भरलेला दगड इथे सरस ठरतो, कारण तो पाणी सोडतो आणि थोडं खचणंही सोसतो.

दुसरी गोष्ट समतोलाची. अमेरिकन अभियंता लेन यांनी १९५५ मध्ये ती सुटसुटीत मांडली: एका पारड्यात पाण्याचा लोट आणि तळाचा उतार, दुसऱ्या पारड्यात वाहून येणारा गाळ आणि त्याच्या कणांचा आकार. एकीकडे काही बदललं की प्रवाह दुसरीकडे भरपाई करून घेतो. वळणं काढून ओढा सरळ केला तर तेवढीच उंची कमी अंतरात उतरायची असते. उतार वाढतो आणि पाणी तळ कोरू लागतं. वर लागोपाठ सिमेंट बंधारे घातले तर गाळ तिथेच बसतो, आणि खाली उतरणारं निवळ पाणी पुन्हा तळ खरवडून आपला गाळ भरून घेतं. खालच्या अंगाला वाळू उपसली तर तो खड्डा पायरी-पायरीने वर सरकत येतो. जलयुक्त शिवारच्या काळात, २०१४ नंतर, खोलीकरणाची लाट आली. तिने काही ठिकाणी विहिरींना पाणी आणलं हे खरं. पण जिथे उभ्या काठांचे चर खणून तळाला कुठेच अडथळा ठेवला नाही, तिथे पोकलेनने काढलेल्या खोलीपेक्षा जास्त खोली नंतर पाण्याने काढली. माझं मत स्पष्ट आहे: तळ अडवायची सोय नसेल तर खोलीकरण करू नये.

आधी ओढा चाला

एप्रिल-मेमध्ये, ओढा कोरडा असताना, तुमच्या रानाच्या वर अर्धा आणि खाली एक किलोमीटर पात्रातून चालत जा. सोबत ओढ्याकाठचा एखादा जुना माणूस घ्या. पूर कुठवर येतो आणि तीस वर्षांपूर्वी तळ कुठे होता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

दोन्ही काठ ढासळत असतील, पुलाच्या किंवा नळ्यांच्या मोरीच्या खालच्या अंगाला तळ एकदम खाली गेला असेल, झाडांची मुळं दोन्हीकडे लोंबत असतील, तर तळ खाली चाललाय. अशा ठिकाणी नुसत्या काठाला दगड लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. पात्रात मध्येच उभी पायरी दिसली, जिथे तळ एकदम दोन-तीन फूट खाली उतरतो आणि खाली डबकं पडलंय, तर ती खूण करून ठेवा. ती दरसाल वर सरकते. आधी तिला थांबवायचं.

एकच काठ कापला जात असेल आणि समोर वाळू-गोट्यांचा ढीग साचत असेल, तर प्रश्न वळणाचा आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि वेगवान असतं, आतल्या अंगाला मंदावून गाळ टाकतं. इथे काठाचा पायथा बांधायचा.

तिसरं कारण चालताना हमखास सापडतं, ते वेड्या बाभळीचं. पात्राच्या मधोमध तिचं रान माजतं, त्यात पुराचा कचरा अडकतो आणि पाणी बगल देऊन काठात घुसतं. कित्येक ठिकाणी एवढी एक गोष्ट साफ केली तरी निम्मा त्रास कमी होतो. मात्र काठावरची बाभूळ मुळासकट उपटू नका. ती बुंध्यापाशी कापा, दुसरं झाड जोम धरेपर्यंत तिची मुळं माती धरून ठेवतील.

मोजमाप: टेप, पाण्याची नळी आणि फोनवरचा कॅल्क्युलेटर

तळाचा उतार काढायला गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. १०० मीटर अंतरात तळ किती उतरतो ते टप्प्याटप्प्याने मोजा. १ मीटर उतरला तर उतार १ टक्का. मग पात्राचा आडवा छेद घ्या: तळाची रुंदी, काठाची उंची, आणि पूर कुठवर चढला होता त्याची खूण. झाडात अडकलेला काडीकचरा ही सगळ्यात खरी खूण.

पुराचा वेग मॅनिंगच्या सूत्राने काढता येतो. पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले ओला घेर, म्हणजे तळ आणि दोन्ही काठांची भिजलेली लांबी. ही आली जलत्रिज्या. तिचा दोन-तृतीयांश घात घ्या, उताराच्या वर्गमुळाने गुणा, आणि खडबडीतपणाच्या अंकाने भागा. गोटे आणि थोडं गवत असलेल्या ओढ्याला हा अंक ०.०४ धरा, झुडपं माजली असतील तर ०.०७ किंवा जास्त. घात काढायचा कंटाळा असेल तर एवढं लिहून ठेवा: जलत्रिज्या ०.५ असेल तर ०.६३, ०.७५ असेल तर ०.८३, १ असेल तर १, १.५ असेल तर १.३१.

उदाहरण घेऊ. तळ ६ मीटर रुंद, काठ जवळजवळ उभे, पुराचं पाणी दीड मीटर. क्षेत्रफळ ९, ओला घेर ६ अधिक दोन्हीकडचे दीड-दीड म्हणजे ९, जलत्रिज्या १. उतार १ टक्का, त्याचं वर्गमूळ ०.१. भागिले ०.०४ केलं की वेग आला सेकंदाला २.५ मीटर, आणि त्याला क्षेत्रफळाने गुणलं की लोट सेकंदाला २२.५ घनमीटर. पडताळा पाणलोटावरून घ्या. ओढ्याला ३०० हेक्टरचं पाणी येत असेल, तासाला ६० मिलिमीटरचा पाऊस धरला आणि त्यातलं ४० टक्के वाहून येतं असं मानलं, तर ०.४ गुणिले ६० गुणिले ३००, भागिले ३६०, म्हणजे २० घनमीटर. दोन्ही उत्तरं जवळ आली की मोजमाप बरोबर आहे असं समजा. फार फरक पडला तर पुराची खूण किंवा पाणलोट पुन्हा तपासा.

वेग इतका महत्त्वाचा का? दगडाचं वजन त्याच्यावर ठरतं, आणि ते वेगाच्या सहाव्या घाताने वाढतं. आपल्या काळ्या दगडासाठी, खळाळत्या पाण्यात, हिशेब साधारण असा येतो: सेकंदाला २ मीटर वेगाला १६ सेंटिमीटरचा, सहा किलोच्या आसपासचा दगड टिकतो. अडीच मीटरला २५ सेंटिमीटर, सुमारे २३ किलो. ३ मीटरला ३७ सेंटिमीटर, सुमारे ७० किलो. ४ मीटरला ६५ सेंटिमीटर आणि जवळपास चारशे किलो! वेग दुप्पट झाला की दगड चौसष्ट पट जड लागतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला वेग सरासरीपेक्षा जास्त असतो. म्हणून वरच्या उदाहरणात वळणावर ३ मीटर धरून दगड निवडावा. तेवढे मोठे दगड ट्रॉलीने मिळत नसतील तर लहान दगड जाळीत बांधायचे. गॅबियनचा, म्हणजे दगड भरलेल्या जाळीच्या पेटीचा, सगळा फायदा यात आहे.

कागदपत्रं

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे ओढे-नाल्यांचं पात्र सरकारच्या मालकीचं आहे, तुमच्या गटातून वाहत असलं तरी. त्यामुळे ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, तहसील कार्यालयाला कळवा, आणि मृद व जलसंधारण खात्याच्या किंवा कृषी खात्याच्या माणसाला जागेवर आणून दाखवा. गौण खनिजाच्या परवान्याशिवाय पात्रातली वाळू-मुरूम हलवू नका. आणि समोरच्या काठाच्या शेतकऱ्याला सुरुवातीपासून सोबत घ्या. तुमच्या कामाने पाणी त्याच्या रानात ढकललं गेलं तर कोर्टाच्या आधी बांधावरच निकाल लागतो.

पहिलं काम: तळ थोपवा

सुरुवात वरून. ओघळी जिथे ओढ्याला मिळतात, तिथे पाणलोट पाच-दहा हेक्टरचा असेल तर अनघड दगडांचे बांध पुरतात. उंची ७५ सेंटिमीटर ते १ मीटर, त्याहून जास्त नाही. पाया फूटभर खणून घ्यायचा. वरच्या अंगाला उतार एकास एक, खालच्या अंगाला उंचीच्या दुप्पट ते तिप्पट लांब. मोठे दगड बाहेरून आणि खालच्या अंगाला, लहान आत. माथा मधोमध खोलगट ठेवायचा म्हणजे पाणी मधूनच उतरतं. सपाट माथ्याच्या बांधाला पाणी कडेने वळसा घालतं आणि बांध मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंनी ओघळ नव्याने पडते. दोन्ही टोकं काठात किमान अर्धा मीटर आत घ्या.

दोन बांधांत अंतर किती? खालच्या बांधाच्या माथ्याची पातळी वरच्या बांधाच्या पायथ्याशी यावी. उंची ७५ सेंटिमीटर आणि उतार ३ टक्के असेल तर ०.७५ भागिले ०.०३, म्हणजे २५ मीटर. एकटा बांध घालून उपयोग नाही, त्याच्या खालचा तळ जातो आणि तो कोसळतो. साखळी हवी.

मुख्य ओढ्यात, जिथे ती उभी पायरी सापडली, तिच्या थोडं खाली गॅबियनचा आडवा बांध घाला. पायऱ्या अनेक असतील तर सगळ्यात खालच्या पायरीपासून वर चला. गावपातळीवर पाणी पडण्याची उंची एक मीटरच्या आत ठेवा. त्याहून उंच लागत असेल तर अभियंत्याकडून आराखडा करून घ्या.

तळ खणून कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जा, किमान दोन फूट. दोन्ही टोकं काठात एक-एक मीटर घुसवा. पेट्या २ बाय १ बाय १ मीटरच्या घ्या, आत मीटरभराने पडदा असलेल्या. जाळी जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेची, दुहेरी पीळ घातलेली हवी. तार २.७ मिलिमीटरची, भोक साधारण १० बाय १२ सेंटिमीटरचं. कुंपणाची साधी जाळी स्वस्त पडते, पण एक तार तुटली की ती उसवत जाते, म्हणून मी ती सुचवत नाही. दगड भोकापेक्षा मोठा, १५ ते २५ सेंटिमीटरचा. हातोडी मारली की खणखणीत वाजला पाहिजे. मांजऱ्या किंवा कुजका दगड दोन उन्हाळ्यांत भुगा होतो आणि जाळीतून निसटतो.

भरताना मजूर वरून पाट्या ओततात, तिथे उभं राहा. समोरची बाजू हाताने रचून घ्यायची, पोकळ्या लहान दगडांनी बुजवायच्या. एकतृतीयांश आणि दोनतृतीयांश उंचीवर समोरासमोरच्या जाळ्या तारेने ओढून बांधायच्या, नाहीतर पेटीला पोट सुटतं. शेजारच्या पेट्या एकमेकींना सलग शिवायच्या, आणि वरच्या थराचे सांधे खालच्यावर येऊ द्यायचे नाहीत. २ घनमीटरच्या एका पेटीला साधारण पाऊण ब्रास दगड लागतो.

मधला सांडवा दोन्ही बाजूंपेक्षा खोल, आणि उदाहरणातला २०-२२ घनमीटरचा लोट त्यातूनच जाईल इतका खोल आणि रुंद. रुंदी जवळपास पात्राइतकीच, सांडवा अरुंद केला की पाणी काठाकडे वळतं. बांधाच्या वरच्या अंगाला माती आणि दगड यांच्यामध्ये गाळणीचा थर किंवा जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं) कापड हवं, नाहीतर माती दगडांतून निघून जाते आणि बांधाखाली पोकळी होते.

आता लोक सर्रास वगळतात तो भाग: खालची फरशी. माथ्यावरून पडणारं पाणी बांधाच्या बुडाशी खड्डा पाडतं आणि बांध त्यात कलंडतो. पाणी पडण्याच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट लांबीपर्यंत, १ मीटरला २ ते ३ मीटर, अर्धा मीटर जाडीचा दगडी थर जाळीत बांधून पसरवा, आणि त्याचं खालचं टोक फूट-दीड फूट जमिनीत गाडा. पैसे कमी पडले तर बांधाची उंची कमी करा, पण फरशी सोडू नका.

दुसरं काम: काठाचा पायथा

तळ स्थिर असेल तरच इकडे या. उभा काठ आधी तासून एकास दोन उतारावर (एक उंचीला दोन आडवं) आणा. थोडं रान जातं, शेतकऱ्याच्या जिवावर येतं. पण उभ्या काठावर दगड टेकवला तर तो टेकलेलाच राहत नाही. दीडपट उतार ही अगदी शेवटची हद्द समजा.

उतारावर जिओटेक्स्टाइल कापड किंवा १५ सेंटिमीटरचा वाळू-खडीचा थर, त्यावर दगड. जाडी निवडलेल्या दगडाच्या दीड ते दोन पट. ३० मीटर काठ, उताराची लांबी ४ मीटर, जाडी अर्धा मीटर, म्हणजे ६० घनमीटर, २१ ब्रासच्या आसपास. दगड वर पुराच्या खुणेपर्यंत लावायची गरज नसते. खालचा अर्धा-दोनतृतीयांश भाग दगडाचा, वरचा गवताचा केला तरी चालतो. पायथ्याशी चर खणून त्यात मोठे दगड भरा आणि तळावरही काही अंतर पसरून ठेवा. पुराने पायथा कोरला की हे दगड आपोआप खड्ड्यात उतरतात.

ठोकर कधी

वळण लांब असेल आणि सगळ्या काठाला दगड परवडत नसेल तर काठातून पात्रात आडव्या ठोकरी, म्हणजे पाणी काठापासून दूर सारणारे छोटे दगडी बांध, काढतात. लांबी पात्राच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. १२ मीटर पात्राला सव्वादोन-अडीच मीटर. दोन ठोकरींत लांबीच्या दोन ते अडीच पट अंतर, म्हणजे ५-६ मीटर. तोंड किंचित वरच्या अंगाला, काठाशी ६० ते ८० अंशांचा कोन करून. पाणी ठोकरीवरून ओसंडतं तेव्हा तिला काटकोनात पडतं, त्यामुळे वर तोंड असलेली ठोकर पाणी पात्राच्या मध्याकडे टाकते. खाली तोंड केलं तर तेच पाणी मागच्या काठात घुसतं. माथा काठापासून टोकाकडे उतरता ठेवा आणि मुळाशी ठोकर दीड-दोन मीटर काठात गाडा. पहिली ठोकर कापणी सुरू होते त्याच्या जरा वर, आणि एकटी कधीच नाही. अरुंद ओढ्यात, सहा-सात मीटरच्या आत, ठोकरींच्या फंदात पडू नका. पाणी समोरच्यावर जातं.

गवत आणि झाडं

वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात आणि तो आपल्या उन्हाळ्यात तगतो. पाऊस बसल्यावर, जून-जुलैमध्ये, १०-१५ सेंटिमीटरवर ठोंब लावत काठाला समांतर ओळी करा. पहिलं वर्ष शेरडं-मेंढरं आवरायची आणि पाऊस ओढला तर पाणी घालायचं, एवढीच मेहनत. दगडांच्या फटीत निर्गुडीच्या फांद्या खोचल्या तरी फुटतात. काठाच्या माथ्यापासून जरा मागे करंज आणि बांबू. उंच, जड झाड काठाच्या अगदी कडेला लावू नका, पडताना ते काठ घेऊन पडतं.

कोल्हापुरी बंधारा शेजारी असेल तर

सीना-भीमेच्या पट्ट्यात आणि माणकाठी हे बंधारे ठिकठिकाणी आहेत. पावसाळ्याआधी बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या सुट्या फळ्या) काढायचे आणि पाऊस ओसरल्यावर टाकायचे हा नियम. बरगे अडकून राहिले, गंजले, किंवा ‘असू दे, पाणी साठेल’ म्हणून कुणी काढलेच नाहीत, तर पुराला मधून वाट मिळत नाही आणि तो बंधाऱ्याच्या टोकाशी काठ फोडून नवी वाट काढतो. बंधारा मध्ये कोरडा आणि नदी शेजारच्या उसातून! तुमचं रान अशा टोकाला लागून असेल तर मेअखेर बरगे निघाले का हे स्वतः जाऊन पाहा, आणि टोकाच्या दोन्ही अंगांना काठ दगडाने बांधून घ्या.

पहिल्या पुरानंतर

पाणी उतरलं की लगेच चाला. फरशीच्या खालच्या टोकाशी खड्डा पडलाय का, गॅबियनच्या टोकाशी माती गेलीय का, तार कुठे तुटलीय का. हातभर भोक त्याच आठवड्यात दोन ट्रॉली दगडांत बुजतं, पुढच्या पुरात त्याला सगळा बांध लागतो. पात्रात उगवलेली वेडी बाभूळ हाताएवढी असतानाच काढा. आणि अनघड दगडांच्या बांधामागे साचलेला गाळ रानात टाकायला काढू नका. धरण-तलावातला गाळ शेतात नेण्याची योजना वेगळी. इथे गाळ बसून तळ वर यावा म्हणूनच बांध घातलेला असतो. तो भरला की त्याच गाळावर, थोडं वर, पुढचा बांध घालता येतो.